गाणं नसलेलं गाणं: सिनेमाचं पार्श्वसंगीत ऐकायला सुरुवात कशी करायची

दिवाळीच्या सुट्टीत भाचा निफाडहून आमच्याकडे नाशिकला आला होता. मी चकल्या तळत होते आणि ओट्यावरच्या छोट्या स्पीकरवर नेहमीप्रमाणे एका सिनेमाचं पार्श्वसंगीत चालू होतं. त्यानं दहा मिनिटं वाट पाहिली आणि मग विचारलं, "मावशी, यात गाणं कधी सुरू होणार?"

प्रश्न अगदी रास्त होता. आपल्या घरांत सिनेमाचं संगीत म्हणजे गाणी. गाण्याला मुखडा असतो, अंतरा असतो, शब्द असतात आणि ते आपल्याला धरून ठेवतात. पार्श्वसंगीत प्रसंगाच्या मापानं बेतलेलं असतं, कधी चार मिनिटांचं, कधी अकरा सेकंदांचं. ते नुसतं लावून बसलं तर पहिल्यांदा हाती काहीच लागत नाही आणि माणूस कंटाळून सोडून देतो. मीही असंच सोडलं होतं. अल्बम आधी ऐकायचे आणि सिनेमा नंतर बघायचे, आणि त्यात दोन वर्षं गेली. भाच्याला त्या सुट्टीत जे करून दाखवलं, तेच इथं क्रमानं लिहिते आहे.

पायरी १: पाठ असलेला सिनेमा घ्या

नवा सिनेमा घेऊ नका. पुढं काय होणार या काळजीत डोळे आणि डोकं दोन्ही गुंतलेलं असतं, कानांच्या वाट्याला काही उरत नाही. जो तीनदा-चारदा पाहिलाय, ज्याचे संवाद तुम्ही पात्राच्या आधी म्हणता, तोच निवडा.

बहुतेक मराठी घरांत असा एक सिनेमा आहेच, १९७५ चा 'शोले'. संगीत राहुल देव बर्मन यांचं. गाणी सगळ्यांना येतात, पण या वेळी गाणी पुढे ढकला आणि संध्याकाळचे प्रसंग शोधा. जय पायरीवर बसून माउथ ऑर्गन वाजवतोय आणि समोर हवेलीत राधा एकेक दिवा मालवते आहे. ती दोघं एकमेकांशी जवळजवळ बोलतच नाहीत. त्यांच्यात काहीतरी उमलतंय हे कुठल्याही संवादात नाही, ते सगळं त्या माउथ ऑर्गनमध्ये आहे. इतकी वर्षं आपण हे पाहतोय, आपल्याला ते कळतही होतं, पण ते कुणी सांगितलं याकडे लक्ष गेलं नव्हतं. तो प्रसंग एकदा आवाज बंद करून बघा. एक माणूस बसलाय आणि एक बाई दिवे मालवते आहे, एवढंच उरतं.

पायरी २: एक धून पकडा आणि तिचा माग काढा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे, म्हणून इथं जरा थांबते.

मोठ्या सिनेमांत एखाद्या पात्राला, जागेला किंवा भावनेला स्वतःची छोटी धून दिलेली असते. तिला थीम म्हणतात. कीर्तनात बुवा आख्यान सांगत सांगत पुन्हा अभंगाच्या ध्रुवपदावर येतात आणि दर वेळी त्याच ओळीला नवा अर्थ चढलेला असतो, तसंच काहीसं. थीम पहिल्यांदा कुठं वाजली ते टिपायचं आणि मग ती परत कधी येते, कुठल्या वाद्यावर येते, हे ऐकत राहायचं.

सोप्यातली सोपी थीम १९७५ च्या 'जॉज'ची. संगीतकार जॉन विल्यम्स. शार्कसाठी त्यांनी मुळात दोनच स्वर वापरले, एकमेकांना चिकटलेले. घरी पेटी असेल तर पांढरी ३ आणि पांढरी ४ या दोन पट्ट्या खर्जात आळीपाळीनं दाबा. आधी सावकाश, मग वेग वाढवत न्या. विल्यम्स यांनी पियानोवर हे पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग यांना ती थट्टा वाटली होती. पुढं त्याच संगीताला ऑस्कर मिळालं.

यातली खरी गंमत वेग आणि अंतर यांच्या नात्यात आहे. मासा बराच वेळ पडद्यावर दिसत नाही, तो किती जवळ आलाय हे संगीत सांगतं. आणि एका प्रसंगात दोन पोरं शार्कच्या पाठीवरचा असतो तसा पुठ्ठ्याचा पर लावून लोकांना घाबरवतात, किनाऱ्यावर पळापळ होते, पण ते दोन स्वर वाजत नाहीत. संगीतानं प्रेक्षकाशी खोटं बोलायचं नाही, हे तिथं ठरलेलं आहे. भाच्याला हे दाखवल्यावर त्यानं तो प्रसंग लागोपाठ तीनदा पाहिला.

त्यानंतर 'स्टार वॉर्स'कडे जा. १९७७ चा पहिला भाग, लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रानं वाजवलेला, संगीत पुन्हा विल्यम्स. खलनायक डार्थ वेडरची ती प्रसिद्ध लष्करी चाल या पहिल्या भागात शोधत बसू नका, ती १९८० च्या दुसऱ्या भागात आली. पहिल्या भागात शोधायची ती 'फोर्स'ची, म्हणजे त्या कथेतल्या गूढ शक्तीची धून. वाळवंटात दोन सूर्य मावळतायत आणि नायक ल्यूक क्षितिजाकडे बघत उभा आहे, तिथं ती हॉर्न या पितळी वाद्यावर उगवते आणि मग तंतुवाद्यं तिला उचलून घेतात. संवाद एकही नाही. या मुलाला इथून जायचंय, एवढंच आपल्याला कळतं.

वेडरच्या चालीचं पुढं काय होतं तेही पाहा. दुसऱ्या भागात ती पितळी वाद्यांवर दणाणत येते. १९८३ च्या भागात वेडर मरतो तेव्हा तीच चाल इतकी हळू येते की नवख्याला ओळखू येत नाही, आणि शेवटी ती हार्पच्या सुट्या सुरांवर विरते. धून तीच, फक्त तिच्यातली सगळी जरब काढून घेतलेली. मला हे पहिल्यांदा ऐकू आलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता आणि सांगायला घरात कुणी जागं नव्हतं.

एक वही ठेवा. तीन रकाने पुरेत: वेळ, काय ऐकलं, कुठल्या वाद्यावर. वाद्याचं नाव आलं नाही तर "खोल, घोगरं, फुंकून वाजवायचं" असं लिहा. नावं मागाहून कळतात.

पायरी ३: एकच प्रसंग तीन वेळा

तीन-चार मिनिटांचा प्रसंग निवडा. पहिल्यांदा आवाज बंद करून बघा. दुसऱ्यांदा डोळे मिटून नुसता ऐका. तिसऱ्यांदा दोन्ही एकत्र. मध्ये चहा-पाण्याला उठू नका, तिन्ही वेळा लागोपाठ झालं पाहिजे.

यासाठी १९६० च्या 'सायको'तला न्हाणीघराचा प्रसंग उत्तम, अर्थात लहान मुलं झोपल्यावर. संगीतकार बर्नार्ड हर्मन यांनी त्या अख्ख्या सिनेमाला फक्त तंतुवाद्यं वापरली. ना ढोल, ना पितळी वाद्य, ना बासरी. दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांना त्या प्रसंगात आधी संगीत नकोच होतं. हर्मन यांनी तरी लिहिलं, आणि ऐकल्यावर हिचकॉक यांनी मत बदललं. तुम्ही आवाज बंद करून पाहाल तेव्हा हिचकॉक यांचा मूळ विचार काय होता याचा थोडा अंदाज येईल, आणि आवाज लावल्यावर त्यांनी तो का सोडला हेही कळेल.

पायरी ४: संगीत कुठं नाही ते लिहा

वहीत एक चौथा रकाना आखा, शांततेचा.

सिनेमा जुळवला जात असताना दिग्दर्शक आणि संगीतकार एकत्र बसून ठरवतात की संगीत कुठं सुरू करायचं आणि कुठं थांबवायचं. या बैठकीला स्पॉटिंग म्हणतात, आणि संगीताच्या प्रत्येक तुकड्याला क्यू. चांगला संगीतकार या बैठकीत "इथं नको" असंही सांगतो.

आपल्याकडचं उदाहरण म्हणजे २०१६ चा 'सैराट'. अजय-अतुल यांनी त्याच्या गाण्यांसाठी लॉस एंजेलिसमधल्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर पाश्चात्त्य वाद्यवृंद वापरला. करमाळ्याच्या मातीतली गोष्ट, विहिरीत उड्या मारणारी पोरं आणि वर उसळणारी ती व्हायोलिनं. सिनेमाचा पहिला अर्धा भाग अक्षरशः संगीतानं ओथंबलेला आहे. आणि शेवट? लहान मूल दारातून चालत येतं तिथं आवाज काढून घेतलेला आहे. थिएटरात मी ते पाहिलं तेव्हा पुढच्या रांगेतल्या बाईंचा श्वास ऐकू येत होता. आधी एवढं संगीत ऐकवलं नसतं तर त्या शांततेला एवढं वजन आलं नसतं, असं माझं ठाम मत आहे.

पायरी ५: थर वेगळे करा

नाशिककरांना ही पायरी सोपी जाते, कारण आपण नाशिक ढोल ऐकत मोठे झालोय. गणपतीच्या मिरवणुकीत पथकासमोर उभं राहा. ढोल पोटात वाजतो, ताशा कानात, झांज डोक्यावरून जाते. वळण कधी घ्यायचं ते ताशा सांगतो आणि सगळे ढोल एकदम फिरतात. वाद्यवृंदही असाच ऐकायचा. पहिल्यांदा फक्त तळ ऐका: मोठे ड्रम, डबल बास, खर्जातली पितळी वाद्यं. मग मधला थर, जो सूर धरून ठेवतो. मग वरची धून. एका वेळी एकच थर.

यासाठी मोबाइलचा स्पीकर चालत नाही. खर्जासाठी बरीच हवा हलवावी लागते आणि तेवढ्याशा स्पीकरला ते जमत नाही, म्हणजे तळाचा थर तुम्हाला मिळतच नाही. कान पूर्ण झाकणारा साधा वायरचा हेडफोन घ्या. महागडा नको. मी अंबडला कामावर जाता-येता कंपनीच्या बसमध्ये असाच वापरते. रस्त्यानं चालताना मात्र लावू नका, द्वारका चौकात तर मुळीच नको. गोदापार्कात सकाळी सहाला बाकावर बसून ऐकण्यासारखी जागा दुसरी नाही. डिसेंबरात पाण्यावर धुकं असतं.

तिथं बसून ऐकायला २०१४ च्या 'इंटरस्टेलर'चं संगीत सुचवते. दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलन यांनी संगीतकार हान्स झिमर यांना सिनेमा अंतराळाचा आहे हे सांगितलंच नाही. एक पानभर मजकूर दिला, बाप आणि लेकराच्या नात्याबद्दलचा, आणि त्यावरून काही सुचतंय का बघा म्हणाले. झिमर यांनी छोटीशी, घरगुती वाटणारी धून लिहिली. पुढं तिच्याभोवती लंडनच्या टेम्पल चर्चमधला पाइप ऑर्गन आला. एवढ्या अफाट आवाजाच्या पोटात ती घरगुती धून तशीच आहे. ती शोधा.

पायरी ६: थिएटरात

मोठा सिनेमा मोठ्या पडद्यावरच पाहावा, यात मी कुणाचं ऐकत नाही. सर्कल, हेमलता, विजयानंद ही थिएटरांची नावं जुन्या नाशिककरांच्या तोंडात अजून आहेत. आता आपण मल्टिप्लेक्सात जातो, आणि आवाजाच्या दृष्टीनं ते बरंच आहे.

जागा निवडताना लांबीच्या साधारण दोन तृतीयांश मागं आणि बरोबर मध्ये बसा. अगदी शेवटची रांग घेऊ नका, मागच्या स्पीकरचा आवाज डोक्यात बसतो. कडेची खुर्चीही नको. ॲटमॉस ही आवाजाची पद्धत असलेला पडदा मिळाला तर तोच घ्या. त्या पद्धतीत १२८ पर्यंत वेगवेगळे आवाज ठेवता येतात आणि छतासकट ६४ पर्यंत स्पीकरांतून ते फिरवता येतात. पाऊस खरोखर डोक्यावर पडतो. कामाच्या दिवसातला सकाळचा खेळ पकडा. तिकीट सहसा स्वस्त असतं, गर्दी कमी असते, आणि शिट्ट्यांखाली पहिला क्यू बुडत नाही. हां, रजनीकांतचा पहिला खेळ असेल तर शिट्ट्यांसाठीच जावं.

नामावली संपेपर्यंत उठू नका. संगीतकारानं सगळ्या थीम एकत्र गुंफून लांब तुकडा बहुधा तिथंच ठेवलेला असतो. एकदा एका थिएटरात मी बसलेली असतानाच दिवे लागले, झाडू आले आणि आवाज बंद झाला. मी बाहेर येऊन व्यवस्थापकांना शांतपणे सांगितलं की नामावली हा सिनेमाचाच भाग आहे. पुढच्या वेळी आवाज शेवटपर्यंत चालू होता. सांगून बघा, लोक ऐकतात.

पायरी ७: अल्बम

आता अल्बमकडे या, आधी नाही. शोधताना एक फरक लक्षात ठेवा: 'साउंडट्रॅक' म्हटलं की गाणी येऊ शकतात, 'स्कोअर' म्हटलं की पार्श्वसंगीत. भारतीय सिनेमांसाठी 'बीजीएम' (बॅकग्राउंड म्युझिक) किंवा 'ओरिजिनल बॅकग्राउंड स्कोअर' असं टाका. आपल्याकडे बऱ्याच सिनेमांचा स्कोअर वेगळा निघतच नाही. ही मला फार लागणारी गोष्ट आहे, कारण मग तो सिनेमाच्या आवाजातूनच वेचावा लागतो.

अल्बमवरचा क्रम सिनेमातल्यासारखाच असेल असं नाही. वही काढा आणि कुठला तुकडा कुठल्या प्रसंगाचा ते जुळवा.

पायरी ८: कुणाकुणाला ऐकायचं

यादी लांब करत नाही. इळैयाराजा यांच्यापासून सुरू करा. राष्ट्रीय पुरस्कारांत पार्श्वसंगीताचा वेगळा विभाग २००९ च्या चित्रपटांपासून सुरू झाला आणि पहिला मान त्यांना मिळाला, मल्याळम 'पळशीराजा'साठी. ए. आर. रहमान यांना २००९ मध्ये 'स्लमडॉग मिलेनियर'साठी दोन ऑस्कर मिळाली. एक गाण्याचं हे सगळ्यांना आठवतं, दुसरं स्कोअरचं होतं. वनराज भाटिया यांनी श्याम बेनेगल यांच्या सिनेमांना दिलेलं संगीत ऐका, फार कमी वाद्यांत केलेलं काम आहे. आणि मराठीत भास्कर चंदावरकर. १९७५ चा 'सामना' लावा आणि त्यात संगीत किती जपून वापरलंय ते बघा. मोठ्या आवाजाची सवय लागलेल्या कानांना हा उतारा हवाच.

परदेशी दोन नावं अजून. हॉवर्ड शोर यांचं 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज', कारण थीमचा माग काढायला याहून मोठं रान नाही. आणि विल्यम्स यांचा १९८२ च्या 'ई.टी.'चा शेवट. चित्राशी सेकंद न् सेकंद जुळवत वाजवणं जमेना, तेव्हा स्पीलबर्ग यांनी पडदा बंद केला आणि मैफलीत वाजवता तसं मोकळेपणी वाजवा म्हणून सांगितलं. मग त्या वाजवण्याला अनुसरून चित्र पुन्हा कापलं. ते पंधरा मिनिटं नुसतं ऐका, कुठंही ओढाताण जाणवत नाही.

प्रत्यक्ष वाद्यवृंद एकदा तरी समोर बसून ऐकायचा असेल तर मुंबई गाठावी लागते. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसनं जाता येतं, पण संध्याकाळच्या पंचवटीनं परतायचं डोक्यात ठेवू नका, ती सुटते तेव्हा कार्यक्रम सुरूही झालेला नसतो. रात्रीपुरतं कुणा नातेवाइकाला आधी कळवून ठेवा.

पायरी ९: स्वतः लावून बघा

ही पायरी नाशिकमध्येच करावी. दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे, १८७० चा जन्म. १९१८ मध्ये त्यांची हिंदुस्थान फिल्म कंपनी नाशिकमध्ये उभी राहिली, आणि १९४४ मध्ये ते गेले तेही इथंच. पांडवलेण्याच्या पायथ्याला त्यांचं स्मारक आहे. त्यांचे सिनेमे मूक होते. त्या काळी थिएटरात पडद्यासमोर पेटी-तबला घेऊन माणसं बसायची आणि चित्र बघत बघत वाजवायची. पार्श्वसंगीत म्हणजे तेच, फक्त आपल्यासमोर घडणारं.

फाळक्यांचा १९१९ चा 'कालिया मर्दन' इंटरनेटवर बघायला मिळतो. कृष्णाचं काम त्यांच्या लहानग्या लेकीनं, मंदाकिनीनं केलंय. सुरुवातीला तिचा नुसता चेहरा दिसतो, एकेक भाव बदलत जाणारा, आणि मग ती कृष्ण होते. आवाज पूर्ण बंद करा, डोहाचा प्रसंग निवडा, आणि दुसऱ्या मोबाइलवर स्वतःच्या पसंतीचं संगीत लावा. कुठं सुरू करायचं, कुठं थांबवायचं, सगळं तुम्ही ठरवायचं. दोघं-तिघं असाल तर प्रत्येकानं आपापलं लावायचं आणि बाकीच्यांनी तोवर गप्प बसायचं.

भाऊबीजेच्या रात्री आम्ही हे केलं. मी संथ बासरी लावली आणि ती शेवटपर्यंत चालू ठेवली. भाच्यानं नाशिक ढोल लावला. मला वाटलं, पोरगं सगळं दणाणून टाकणार. बालकृष्ण झाडावर चढेपर्यंत त्यानं ढोल वाढवत नेला, आणि कृष्णानं पाण्यात उडी घेतली त्याच क्षणी बोटानं थांबवला.